एका भाकरीएवढं गाणं

आक्कांच्या पहिल्याच कार्यक्रमात मी त्यांचा सत्कार करायला उठलो. गाणं चालू होतं तेव्हा.

दोष थोडा माझा, बराचसा सवयीचा. मी एका कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्क आहे आणि आमच्या कॉलनीच्या सांस्कृतिक मंडळात, दुसरं काही येत नसल्यामुळे, शाल-नारळ आणणारा माणूस. माझ्या स्कूटरच्या डिकीत एक शाल कायम असते. कोण कधी कुठं थोर निघेल, सांगता येत नाही. कचेरीत कुणीतरी म्हणालं, लोकगीतांचा कार्यक्रम आहे, सीमेवरच्या दुधनीकडच्या बाई आहेत, चौंडकं वाजवतात. मी इस्त्रीचा शर्ट घातला, बायकोला बरोबर घेतलं आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. उभा, कारण खुर्च्या नव्हत्या. पत्र्याखाली काळे टी-शर्ट घातलेली पोरं-पोरी दाटीवाटीनं उभी, कोपऱ्यात पेटलेल्या तव्यांशेजारी बायका काठवटीत भाकऱ्या थापतायत, आणि मधोमध पदर खोचलेल्या, चाळिशीच्या, काटक अंगाच्या एक बाई. काखेत चौंडकं, ते जोगतिणींचं एकतारी वाद्य. त्यांनी तोंड उघडलं आणि मला वाटलं, कुणाचा तरी विजेच्या तारेला हात लागला.

मग मध्येच त्या थांबल्या. श्वास घ्यायला थांबल्या होत्या, हे मला नंतर कळलं. मी पोरांना कोपरानं सारत पुढं गेलो आणि शाल खांद्यावर घातली. आक्कांनी शालीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"अण्णा, गानं व्हायचंय आजून," त्या माइकवरच म्हणाल्या. "आन शाल कशाला? हितं तवं पेटल्यात, बाहीर बेचाळीस डिग्री हाय."

शेड हसली. आक्कांनी शाल काढून भाकऱ्या थापणाऱ्या लक्ष्मीबाईंकडं टाकली. लक्ष्मीबाईंनी ती जमिनीवर पसरली आणि तव्यावरच्या भाकऱ्या काढून तिच्यावर मांडायला लागल्या. गाणं जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू झालं. बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नारळ तरी घरी न्या आता. चटणीला होईल."

तर अशी आमची ओळख. आक्कांचा धंदा कडक भाकरीचा. आमच्याकडची ही भाकरी पापडासारखी पातळ आणि कुरकुरीत, महिनोन्‌महिने टिकते. पुण्या-मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक पिशवीत शेंगाचटणीबरोबर ती असतेच. त्या शेडमध्ये सकाळपासून आक्का आणि चार-पाच बायका भाकऱ्या करायच्या. आणि त्याच बायका, तीच काठवट, तेच तवे घेऊन आक्कांचा बँड होता. बँडचं नावही ‘कडक भाकरी’. ढोल-बिल काही नाही. भाकरी थापण्याचा थप-थप हाच ठेका. शेजारच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा रफिक गिटार वाजवायचा, आणि त्या गिटारीचा आवाज तो मुद्दाम फाटका करायचा. वर आक्कांचं चौंडकं आणि गळा.

या प्रकाराला काय म्हणतात, हे मी रफिकला विचारलं होतं. तो म्हणाला, "फोक पंक बोलते अंकल. जिसकू गाना नई आता, मगर गुस्सा असली है, उसका गाना."

आक्का शेजारीच पीठ मळत होत्या. त्या म्हणाल्या, "पंक का फिंक, मला म्हाईत न्हाई. दुधनीत आमच्या गल्लीत बाया भांडत्यात की, तसं गाते म्या. फकस्त भांडताना चाल लावते."

त्यांचा एक नियम होता. गाणं एका भाकरीएवढंच. उंडा काठवटीत पडला की गाणं सुरू आणि ती भाकरी तव्यावरून उतरली की बंद. कडवं राहिलं तर राहिलं. एकदा एक हौशी मुलगी म्हणाली, आक्का, जरा मोठी गाणी करा ना, दहा-दहा मिनिटांची. आक्का म्हणाल्या, "दहा मिन्टं चिडलेलं मानूस बगितलंय का कुटं? पयल्या दोन मिन्टांत खरं आसतंय, पुडं नाटक." मी कचेरीत तीस वर्षं काढली आहेत. दहा-दहा मिनिटं चिडणारे साहेब मी पाहिलेत. आक्कांचं म्हणणं मला एकदम पटलं.

गाणं संपलं की त्या ‘धन्यवाद’ म्हणत नसत. "साकु," म्हणायच्या. कानडीत साकु म्हणजे पुरे. असं म्हणायच्या, की समोरच्याला वाटावं आपलंच काहीतरी फार झालंय.

चौंडकं त्या एका जोगतिणीकडून शिकल्या होत्या. दुधनीला त्यांच्या अंगणात ती जोगवा मागायला यायची; लहानपणी आक्का तिच्या मागं गावभर फिरायच्या. घरचे लिंगायत, अडत दुकानाचे, त्यांना हे पसंत नव्हतं. "देवीचं वाद्य घिऊन नळाची गानी गातीस, आसं म्हनलं माजं भाऊ," आक्का सांगायच्या. "म्या म्हनलं, देवीला बी पानी लागतंय की आंगूळीला."

माझ्यासारख्या माणसाचं तिथं काय काम, हे मला अजून नीट सांगता येत नाही. राग न येणं ही माझी ख्याती. माझी रजा नाकारली तर मी ‘बरं’ म्हणतो. बढती दुसऱ्याला मिळाली तर मी शाल आणतो. पण महिन्यातून एकदा त्या शेडमध्ये जाऊन आक्कांचं गाणं ऐकलं की छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. दुसऱ्या की तिसऱ्या कार्यक्रमात पोरं एकमेकांना धक्के द्यायला लागली. मला वाटलं मारामारी जुंपली. "अरे शिकलेली मुलं तुम्ही," असं म्हणत मी सोडवायला मध्ये पडलो. चष्मा गेला. एका दांडग्या पोरानं मला बगलेत धरून बाहेर काढलं आणि समजावलं, सर, भांडण नाही, नाचतोय. त्यानंतर मी लक्ष्मीबाईंच्या काठवटीशेजारी बसायला लागलो. बायकोही तिथंच बसायची, भाकऱ्या विकत घ्यायला आले म्हणायची आणि कार्यक्रम संपेपर्यंत भाकऱ्या निवडत बसायची.

घरी मात्र तिचा सूर वेगळा. मी फोनवर लावलं की स्वयंपाकघरातून, "अहो, गाणं आहे का शेजारचं भांडण? भांडण असेल तर खिडकी उघडते, नीट ऐकू येईल."

आक्कांचे अल्बम तीन. रफिकचा फोन पिठाच्या डब्यावर उभा करायचा आणि एकदाच गायचं. चुकलं तरी परत नाही. "भाकरी काय दोनदा थापत्यात व्हय?" पहिला अल्बम ‘पहिला तवा’. त्यात गिटार कमी, थप-थप जास्त, आणि एका गाण्यात लक्ष्मीबाई धुराबद्दल तेलुगूत कुरकुरताना स्वच्छ ऐकू यायच्या. माझ्या मते तो सगळ्यांत चांगला. दुसरा ‘धूर’. त्या वेळी रफिकनं गिटारीला कसलंसं नवं यंत्र जोडलं होतं, त्यात आक्का अधूनमधून बुडून जायच्या. मी तसं रफिकला बोललो तर आठवडाभर त्यानं माझ्या फोनची काच बदलून दिली नाही. तिसरा ‘नळ’. तो मे महिन्यात भरदुपारी केला होता. पत्रा तापलेला, गळा कोरडा, आणि तो कोरडेपणा गाण्यात उतरला होता. शेवटच्या गाण्यात आवाज दोन ठिकाणी चिरतो. मी त्या दोन चिरा ऐकण्यासाठी ते गाणं ऐकायचो.

हे अल्बम विकायची त्यांची तऱ्हा निराळी होती. भाकरीच्या पुड्यावर चौकोनी कोडचा एक स्टिकर. फोन धरला की गाणी. सांगायचं कुणाला काही नाही. माझ्या पुण्याच्या मेव्हण्याला वाटलं, भाकरी कशी खायची त्याचा व्हिडिओ असेल. घरी पाहुणे, टीव्हीला फोन जोडलेला, आणि त्यानं तो स्टिकर उघडला. तिकडून फोन आला, "दाजी, तुम्ही आम्हाला नेमकं काय पाठवलंय?" पुढच्या वेळी मात्र त्यानं स्वतःहून विचारलं, भाकरी पाठवताय ना, नवीन स्टिकरची.

एकदा मोहोळच्या बाजारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कार्यक्रम झाला. आयोजक म्हणाला, सुरुवात जरा भक्तिगीतानं करा. आक्का म्हणाल्या, बरं, आणि दोन गाणी आपलीच म्हणून टाकली. समोर कांदे घेऊन बसलेली एक बाई उठली. "ए बाई, गिऱ्हाईक पळालं की माजं," ती ओरडली. आक्कांनी उंडा उचलून लक्ष्मीबाईंच्या काठवटीत टाकला आणि चौंडक्यावर तिचीच ओळ धरली, गिऱ्हाईक पळालं, गिऱ्हाईक पळालं. ती बाई कमरेवर हात देऊन जाब देत राहिली, आक्का तिचा प्रत्येक जाब चालीत घेत राहिल्या. भाकरी उतरली तेव्हा दोघी हसत होत्या आणि बाजार गोळा झाला होता. कांदे संपले. मी खूप कार्यक्रम बघितलेत, मोठमोठ्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून. त्या दिवसासारखा नाही.

‘नळ’मधलं नळाचं गाणं मात्र त्यांच्या हाताबाहेर गेलं. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल, हे विचारायची पद्धत नाही; चार दिवसांनी, पाच दिवसांनी, येईल तेव्हा येतं, आणि आलं की माणसं लग्नघरातल्यासारखी धावतात. गाणं असं सुरू व्हायचं:

नळ आला, नळ गेला
मधी माजा जलम गेला
घागर म्हनं हंड्याला
आपुन कशाला जलमलो

हे सगळ्यांच्या फोनात पोचलं. नळावर बायका म्हणायला लागल्या, रिक्षावाले म्हणायला लागले. आमच्या कॉलेजात मुलींच्या वसतिगृहात पाणी गेलं की जिन्यातून वरपासून खालपर्यंत हेच.



शहराची निवडणूक लागली. एका सकाळी मी दाढी करत होतो आणि गल्लीत प्रचाराची रिक्षा आली. कर्ण्यातून आक्कांचा आवाज. माझा ऊर भरून आला. गालाला साबण तसाच, बायकोला हाक मारली, "अगं ऐक, आक्का आपल्या गल्लीत पोचल्या." मग शब्द कानात शिरले.

नळ आला, नळ आला
साहेबांनी नळ आणला
घागर म्हणे हंड्याला
मत आपुलं साहेबाला

साहेब म्हणजे आमच्या भागाचा उमेदवार. त्याचं नाव मी लिहिणार नाही. रिक्षांनी ते पुरेसं घेतलंय. तोच माणूस, ज्याचे टँकर आमच्या गल्लीत फिरतात आणि नळ जेवढा उशिरा येतो तेवढे जास्त फिरतात. त्याच्या कौतुकात आक्कांचा आवाज. तोच खर्ज, तीच घासलेली धार, तोच दुधनीचा हेल.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "या आक्का नाहीत."

"आवाज तर त्यांचाच आहे."

"श्वास कुठं घेतला हिनं?"

मी तसाच शेडवर गेलो. तिथं पोचलो तेवढ्यात तीच रिक्षा शेडवरून गेली. आक्का उंडा हातात घेऊन उभ्या राहिल्या. बायकांचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही. रिक्षा वळली, आवाज बारीक होत गेला.

"आवाज माजाच हाय," आक्का म्हणाल्या. "म्या गायले न्हाई, एवढंच."

रफिकनं समजावलं. आक्कांची तिन्ही अल्बमची गाणी इंटरनेटवर होती. ती कॉम्प्युटरला ऐकवायची, कॉम्प्युटर तो आवाज शिकतो, मग त्याच्याकडून पाहिजे ते म्हणवून घ्यायचं. आता याला एक दुपार पुरते. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंजे माज्या तोंडातनं त्यो कायबी बोलू शकतोय?" रफिक खाली बघून हौ म्हणाला.

मी अर्ज लिहिला. मला दुसरं येतं काय? मुद्देसूद, सन्माननीय वगैरे घालून. तो घेऊन आक्का आणि मी साहेबाच्या प्रचार कचेरीत गेलो. तिथं टाय लावलेला एक तरुण होता. चहा मागवला, खुर्ची पुसून दिली. अर्ज वाचून म्हणाला, "मॅडम, यात तुमचं नाव कुठं घेतलंय का? आवाज कॉम्प्युटरचा आहे. आवाजावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?"

"माज्या आवाजावर हाय," आक्का म्हणाल्या.

"मग असं करा ना, आमच्या सभेला येऊन खरंच गा. लोकांना ओरिजिनल ऐकायला मिळेल. साहेबांना आवडेल."

इतक्या गोड बोलण्यात इतकी घाण मी आयुष्यात ऐकली नव्हती. मला काहीतरी फेकावंसं वाटलं. समोर चहाचा कप होता. मी तो पिऊन टाकला. असा मी. आक्कांनी कपाला हात लावला नाही, उठल्या आणि निघाल्या. पोलिसांत तक्रारही दिली. पुढं मतदान झालं, गुलाल उडाला, साहेब निवडून आला. तक्रार आहे तिथंच आहे.

पण साहेबापेक्षा मला राग आला तो आमच्या लोकांचा. ज्या बायका नळावर आक्कांचं गाणं म्हणत होत्या, त्याच टोमणे मारायला लागल्या. "काय आक्का, आता तुमच्या घरी रोज पानी आसंल की." "गरिबाचं गानं म्हनून वर चढली, आता गाडीत फिरंल." आक्कांनी एक नवं गाणं केलं, ते मी गायले नाही, तो आवाज चोरलेला आहे, असं सरळ सांगणारं. रफिकनं ते टाकलं. खाली लोकांनी काय लिहावं? हेच बनावट आहे, कॉम्प्युटरनं केलेलं, विरोधकांचं काम. म्हणजे खोटं ते खरं ठरलं आणि खरं ते खोटं. ते वाचून मी फोन भिंतीवर मारणार होतो. हप्ते बाकी होते म्हणून गादीवर मारला.

आक्कांनी मग एक निर्णय घेतला. रफिकला सांगितलं, सगळी गाणी इंटरनेटवरून काढ. स्टिकर बंद. कार्यक्रम होईल, पण येणाऱ्यानं फोन दारातल्या बुट्टीत टाकायचा. भाकऱ्यांची ती मोठी वेताची बुट्टी. "ज्याला आयकायचंय त्यानं माज्या तोंडाफुडं यावं. दिसलं पायजे त्याला, कोन गातंय." पहिल्या वेळी बुट्टी निम्मी भरली. पुढच्या वेळी तळ दिसत होता. काळ्या टी-शर्टवाली शूर पोरं, एकमेकांच्या अंगावर उड्या मारणारी, फोनशिवाय दोन मिनिटं उभी राहू शकत नव्हती. दारात येऊन म्हणायची, मग स्टोरीला काय टाकायचं? मला वाटायचं, यांची बकोटी धरावी. मी माझा फोन बुट्टीत टाकायचो आणि काठवटीशेजारी जाऊन बसायचो.

त्यानंतर एका दुपारी आक्का आमच्या घरी आल्या. प्रथमच. बायकोनं पाणी दिलं. त्या अर्धंच प्यायल्या, उरलेलं तुळशीत टाका म्हणाल्या. 

"अण्णा, तुमच्या फोनात हायत न्हवं माजी गानी?"

"आहेत की. तिन्ही अल्बम. शेवटपर्यंत ठेवीन."

"काडून टाका."

मला वाटलं, चेष्टा करतायत.

"दिल्यालं परत मागाय लाज वाटती," त्या म्हणाल्या. "पर सगळ्यांकडं जाऊन मागतीय. येकाच्या फोनात जरी ऱ्हायला आवाज, तर उद्या त्यो कुनाच्या हाताला लागंल सांगता येत न्हाई. आज नळ आनला म्हनवलं. उद्या आजून काय म्हनवतील."

मी खूप बोललो. म्हटलं, त्यांना शिकायचं ते त्यांचा कॉम्प्युटर शिकून बसलाय, माझ्याकडचं काढून काय उपयोग? म्हटलं, ‘पहिला तवा’ तरी राहू द्या, लक्ष्मीबाईंची कुरकूर आहे त्यात. म्हटलं, तुम्ही असं केलंत तर साहेबाचंच जिंकल्यासारखं होईल. आक्का शेवटी एवढंच म्हणाल्या, "आवाज कुनाचा हाय अण्णा?"

मी एकेक गाणं काढायला लागलो. फोन प्रत्येक गाण्याला विचारत होता, नक्की काढायचं का. आक्कांनी एकदाही नजर हलवली नाही. सगळं झाल्यावर त्यांनी बायकोकडं बघितलं. "वैनी, तुमच्यात?"

"माझ्या फोनात नाहीत हो," बायको म्हणाली. "मी कशाला ठेवू?"

आक्का उठल्या. दारात म्हणाल्या, "शेड सोडतीय. दुधनीला चाल्ले, भावाच्या गोडाऊनमदी तवं मांडीन. हितल्या बायांची तोंडं बगून भाकरी थापवंना." मी म्हटलं, गाणं सोडू नका. त्या हसल्या. "गानं कुटं सोडलंय? फकस्त तुमाला आयकाय यायचं न्हाई आता." मी त्यांची पिशवी रिक्षेपर्यंत घेऊन गेलो.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. आक्कांची खरी गाणी आता कुठंही नाहीत. इंटरनेटवर नाहीत, ओळखीच्या कुणाच्या फोनात नाहीत, पुण्याच्या मेव्हण्याकडं नाहीत. राहिलंय फक्त ते एक खोटं गाणं. सोलापुरात आज कुणाला आक्कांचा आवाज ऐकायचा असेल तर त्यानं साहेबाचं गुणगान ऐकावं. जिचा गळा, तिच्याकडं काही उरलं नाही. चोराकडं सगळं आहे आणि त्याचा कर्णाही आहे.

या महिन्यात साहेबाचा वाढदिवस झाला. नळाला पाणी येऊन पाच दिवस झाले होते. सकाळी आमच्या गल्लीत टँकर उभा, सगळ्या बाया-बापड्या हंडे-बादल्या घेऊन रांगेत. मी बनियन आणि लुंगीवर, दोन्ही हातांत बादल्या. मागून शुभेच्छांची रिक्षा आली आणि टँकरमुळं तिथंच अडकली. कर्ण्यातून तेच, नळ आला, नळ आला, साहेबांनी नळ आणला. टँकरच्या पाइपाखाली उभ्या असलेल्या माणसांना ते ऐकवत होते, आणि माणसं ऐकत होती. एक-दोघी मान डोलवत होत्या.

मी बादल्या खाली ठेवल्या. रिक्षाच्या पुढं जाऊन उभा राहिलो आणि तोंड उघडलं. मला गाता येत नाही. लहानपणी शाळेच्या प्रार्थनेतही मला नुसतं तोंड हलव म्हणायचे. जे निघालं ते गाणं नव्हतंच. नळ आला, नळ गेला, मधी माजा जलम गेला. कर्णा मोठा होता, म्हणून मी आणखी मोठ्यानं. बादली उलटी करून तिच्यावर थापायला लागलो. रिक्षावाला, तसा भला माणूस, आत वाकला आणि त्यानं कर्ण्याचा आवाज कमी केला. बहुधा म्हाताऱ्याला झटका आला की काय ते बघायला. तेवढ्या शांततेत माझं घागर म्हनं हंड्याला गल्लीभर गेलं. रांगेतलं कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं चौथी ओळ माझ्याबरोबर म्हटली. मग टँकर पुढं सरकला, वाट झाली, आणि रिक्षा आवाज परत चढवून निघून गेली.  घसा फाटला होता. शेजारचे देशपांडे माझ्याकडं, मी नोकरीवरून निलंबित झाल्यासारखं बघत होते.

बायको डोक्यावर भरलेला हंडा घेऊन जिन्यापाशी उभी होती. मी जवळ गेलो. म्हटलं, आता बोलेल.

"धरन भरलं, पेपरात आलं," ती म्हणाली, आक्कांच्याच हेलात. "पेपर पिळला, थेंब न्हाई आला. हे कडवं खाल्लंत तुम्ही." तिनं हंडा उतरवून पायरीवर ठेवला. "शर्ट घाला. रिक्षा अजून चौकातच असेल."